पसरणी घाट, सातशे किलो माल आणि छोटं इंजिन: पेट्रोल का डिझेल

आधीच सांगतो, हा गाडीचा रिव्ह्यू कमी आणि इंजिनाचा जास्त आहे. आमचा वाईतून पसरणी घाट चढून पाचगणीला हॉटेलांना किराणा पोचवायचा धंदा आहे, साखर, मैदा, तांदूळ, तेलाचे डबे, पाण्याच्या बाटल्यांचे बॉक्स, आणि सीझनला येताना स्ट्रॉबेरीचे क्रेट घेऊन उतरायचं, म्हणजे चढताना जड आणि उतरताना नाजूक माल. रोजचे तीस-बत्तीस किमी, महिन्यातून एकदा पुण्याला मार्केट यार्डला चक्कर, सगळं मिळून महिन्याला हजार किमीच्या आसपास. दसऱ्याला मारुतीचा छोटा टेम्पो, सुपर कॅरी पेट्रोल, घेतली, आता स्ट्रॉबेरीचा सीझन उरकला, त्यामुळे बोलायला हरकत नाही.

आधीची गाडी दोन सिलेंडरची डिझेल होती, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण चूक गाडीची नव्हतीच, आमची होती. पासिंग, म्हणजे कागदावर मंजूर वजन, साडेसातशे किलोचं आणि आम्ही भरायचो अकराशे, गाडी चालवणारे दत्तूकाका म्हणायचे "चढतीय की, काय होतंय", आणि ती चढायची पण, पहिल्या गिअरमध्ये, मागं वीस गाड्या लावून, पर्यटक हॉर्न मारून मारून थकायचे. मग एका मे महिन्यात घाटाच्या मधोमध पांढरा धूर, रेडिएटरचं पाणी संपलेलं, हेड गॅस्केट (इंजिनाच्या हेडखालचं पॅकिंग) गेलेलं. मिस्त्रीनं हेड उघडून दाखवलं आणि फक्त एवढंच विचारलं की किती भरला होता. मी खोटं बोललो. तो हसला.

तर नवीन घ्यायची ठरलं तेव्हा घरात दोन पार्ट्या. आप्पा आणि दत्तूकाका म्हणजे डिझेल, दुसरं नावच नको, पेट्रोलवर माल वाहतात का कुठं. मी आणि बायको (हिशोब तीच बघते) म्हणजे जरा आकडे तरी बघूया.

आकडे बघायला बसलो आणि पहिल्याच संध्याकाळी डोकं फिरलं. टाटा इंट्रा व्ही-टेनचं डिझेल इंजिन ७९८ सीसी, दोन सिलेंडर, टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा), ताकद ४४ हॉर्सपॉवर. सुपर कॅरीचं पेट्रोल १.२ लिटर, चार सिलेंडर, ८० पीएस (पीएस म्हणजे जवळपास हॉर्सपॉवरच). सरळ बघितलं तर पेट्रोल जवळजवळ दुप्पट. पण टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवायचा जोर, बघा, डिझेलचा ११० न्यूटन मीटर आणि पेट्रोलचा १०४. म्हणजे अर्ध्या ताकदीच्या इंजिनाचा जोर जास्त? आप्पा लगेच, बघ मी म्हणत नव्हतो का.

पण खरी मेख आरपीएममध्ये, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे मारतं त्यात आहे, आणि ही गोष्ट मला एकाही शोरूममधल्या पोरानं सांगितली नाही. डिझेलला तो ११० चा जोर १७५० ते २५०० मध्येच मिळतो, म्हणजे इंजिन अजून गुरगुरतंय तेव्हाच. पेट्रोलला १०४ मिळवायला २९०० पर्यंत जावं लागतं आणि ८० पीएस पाहिजेत तर ६००० ला, तिथं माल भरून कोण जातंय. आता टॉर्क गुणिले आरपीएम भागिले साधारण ७०२४ केलं की पीएस निघतात, पोराच्या कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, डिझेल १७५० ला २७ पीएस देतंय आणि पेट्रोल २९०० ला ४३. म्हणजे पेट्रोल जरा फिरवत ठेवलं तर डिझेलची जेवढी कमाल ताकद आहे तेवढी ते अर्ध्या वाटेवरच देऊन मोकळं होतं. फक्त फिरवत ठेवायची तयारी पाहिजे. शिवाय गिअर आणि डिफरन्शियलचं गुणोत्तर वेगळं असतं, त्यामुळे चाकावर पोचणारा जोर नुसता इंजिनाच्या आकड्यावरून काढता येत नाही, ब्रोशरमधली एक ओळ वाचून भांडणारे आम्ही दोघंही, आप्पा आणि मी, अर्धवटच होतो.

लहान गाडीत तर आणखी गंमत आहे. टाटाची एस प्रो पेट्रोल, ६९४ सीसी, ३० पीएस, ५५ न्यूटन मीटर, जून २०२५ मध्ये ३.९९ लाखाला आली. आणि एस गोल्ड प्लस डिझेल, २२ पीएस, टॉर्क तोच ५५. किंमत सप्टेंबर २०२५ ला साडेपाच लाख. आता या दोघींत कुठली जास्त ओढणार? तोच प्रश्न, तेच उत्तर, कोण कुठल्या आरपीएमला चालवणार त्यावर. आमच्या लोडला या दोन्ही लहान पडल्या म्हणून सोडल्या, पण वाई गावातल्या गावात गॅसच्या टाक्या नाहीतर दुधाचे कॅन फिरवणाऱ्याला यापेक्षा मोठं घ्यायची गरज नाही असं माझं मत.

छोट्या हत्तीचं, म्हणजे टाटा एसचं, निघालंच आहे तर, २००५ ला पहिली एस आली तेव्हा तिचं इंजिन म्हणजे इंडिकाचं १४०५ सीसीचं डिझेल मधून कापल्यासारखं, चाराची दोन सिलेंडर, ७०२ सीसी, १६ हॉर्सपॉवर. सोळा! आज मोटरसायकली त्याच्यापेक्षा जास्त ताकदीच्या आहेत. आणि त्या सोळावर निम्म्या महाराष्ट्राचा भाजीपाला फिरला. त्यामुळे ज्यांना वाटतं की छोटं इंजिन म्हणजे कमजोर, त्यांनी जरा थांबावं. फक्त तेव्हा लोकांना घाई नव्हती आणि पसरणी घाटात शनिवार-रविवारी एवढ्या गाड्या पण नव्हत्या.

पेट्रोल गाडीच्या ट्रायलचा किस्सा सांगतो कारण हे प्रत्येकानं करावं असं मला वाटतं. एका शोरूमवाल्यानं (नाव नको) मोकळी गाडी दिली, सपाट रस्त्यावर दोन किमी फिरवून आणली, "सर पिकअप बघा". मोकळ्या पिकअपचा पिकअप बघून काय करू मी? त्याला म्हणलं मी माझी साखर टाकतो हौद्यात आणि घाट चढून बघतो, तर म्हणे पॉलिसीत नाही. दुसऱ्या एका ठिकाणी मॅनेजर जरा गावाकडचा होता, तो म्हणाला आणा पोती. बारा पोती साखर, सहाशे किलो, वर मी, दत्तूकाका आणि शोरूमचा पोरगा मधे चेपून, आणि निघालो. पसरणी गाव सोडून पहिलं वळण आलं आणि दत्तूकाकांनी चौदा वर्षांच्या सवयीनं सेकंडमधनं थर्ड टाकला. गाडी दोन गचके खाऊन मेल्यासारखी झाली, इंजिन टकटक करायला लागलं, काकांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मीच ते इंजिन बनवलंय.

तिथून त्यांना बाजूला बसवलं आणि मी चालवली. सेकंड टाकला आणि सोडलाच नाही, इंजिन ओरडू दिलं. पेट्रोलचं इंजिन ओरडतं ते बिघाड म्हणून नाही, काम करतं म्हणून, हे डिझेलवाल्या माणसाच्या गळी उतरवणं म्हणजे महाकठीण. काकांचा पाय बाजूला बसून सुद्धा क्लचच्या जागी दाबला जात होता. पण गाडी ज्या स्पीडला वर गेली तो जुन्या गाडीच्या दुप्पट नाही तरी दीडपट नक्की होता, मागं लाईन लागली नाही, आणि गरम होण्याचा काटा मधेच राहिला. पाचगणीत पोचल्यावर चहा पिताना काका म्हणाले, "टेबललँडवरचं घोडं हाय हे, दौडत ठेवलं तर पळतंय, उभं केलं तर बसतंय. डिझेल म्हंजे बैल." त्यांनी हे कौतुकानं म्हणलं का टोमणा मारला ते मला अजून कळलेलं नाही.

आता उंचीचं. वाई सातशे मीटरवर आणि पाचगणी तेराशेच्या आसपास. टर्बो नसलेलं इंजिन साधारण हजार मीटरला दहा टक्के ताकद गमावतं कारण हवाच विरळ, म्हणजे माझ्या पेट्रोलचे वरती पोचेपर्यंत बारा-तेरा टक्के गेलेलेच असतात, कंपनीचे ८० पीएस हे पाचगणीत ७० आहेत असं समजा. टर्बो डिझेलला हा त्रास कमी, तो हवा दाबून घेतो. महाबळेश्वर, तोरणमाळ अशा ठिकाणी धंदा असणाऱ्यानं ही वजाबाकी डोक्यात ठेवावी. कोकणात खालच्या खाली फिरणाऱ्याला काही फरक नाही.

मग डिझेल का नाही घेतलं? तर बीएस ६. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे हे सरकारी नियम आले आणि छोट्या डिझेलचं सगळं गणित बदललं. सुपर कॅरीच आधी २०१६ ला ७९३ सीसीच्या डिझेलमध्ये यायची, ३२ पीएस, ७५ न्यूटन मीटर, बीएस ६ आल्यावर मारुतीनं डिझेलच बंद केलं, कारण छोट्या इंजिनाला धूर साफ करायची यंत्रणा लावायचा खर्च इंजिनाच्या मानानं फार होतो. आता डिझेल घेतलं की सायलेंसरमध्ये काजळी धरणारा डीपीएफ फिल्टर आला, तो भरला की गरम करून जाळावा लागतो, आणि त्यासाठी इंजिन बराच वेळ एका चालीत गरम चालायला पाहिजे. हायवेवाल्याला कळत पण नाही कधी जळून गेला. आमचं काय, घाटात तापतं खरं पण अर्ध्या तासात वर, आणि मग हॉटेल टु हॉटेल दोनशे मीटर चालवायची, बंद करायची, दहा मिनिटं डबे उतरवायचे, परत चालू. जळायला सुरुवात झाली की आम्ही बंद करणार. मिस्त्रीनंच सांगितलं, तुमच्यासारख्या रनिंगची गाडी घेऊन लोक माझ्याकडं पिवळी लाईट लागली म्हणून येतात, गाडी वाईट नसते, काम चुकीचं असतं.

आणि पैसे. मला मिळालेल्या कोटेशनमध्ये पेट्रोल आणि त्याच्या जवळपासच्या डिझेलमध्ये लाख-सव्वा लाखाचा फरक होता. (२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ वर आला, त्यासाठी तीन आठवडे थांबलो, बायकोचा निर्णय, पूर्ण क्रेडिट तिला.) माझ्या गाडीला घाट धरून, लोड धरून १३.५ चं ॲव्हरेज पडतंय, टाकी टु टाकी मोजलेलं. डिझेल अशा कामाला १८ देईल असं धरलं, पेट्रोल १०५ आणि डिझेल ९२ धरलं, तर हजार किमीला पेट्रोलचे ७८०० आणि डिझेलचे ५१००. महिन्याला सत्तावीसशे डिझेल वाचवणार. म्हणजे सव्वा लाख फिटायला जवळजवळ चार वर्षं, त्यात जादा कर्जाचं व्याज धरलंच नाही. चार वर्षांनी मी कुठं आणि गाडी कुठं. पण हेच रनिंग महिन्याला तीन हजार किमी असतं तर सव्वा वर्षात फिटलं असतं आणि डीपीएफची कटकट पण नसती, तेव्हा मी डोळे झाकून डिझेल घेतलं असतं. पेट्रोलच भारी असं मी कुठंच म्हणत नाहीये.

याच गाडीच्या सीएनजीचा विचार केला होता, प्रामाणिकपणे. ताकद ७१ पीएसवर येते, टॉर्क ९५ वर, ते एक वेळ चाललं असतं. पण पेट्रोलला भरायचं वजन ७४० किलो आणि सीएनजीला ६२५, टाक्यांचं वजन जातं त्यात. फरक ११५ किलो, म्हणजे आमच्या भाषेत दोन पोती साखर आणि वर एक तेलाचा डबा, रोज. शिवाय पेट्रोलची टाकी त्यात ५ लिटरचीच, रांगेत उभं राहायला वेळ नसेल तर लटकलात, दर तीन वर्षांनी टाकीची टेस्ट. सपाट गावात, पंप जवळ असेल तर सीएनजीच घ्या, खर्चाला त्याच्यासारखं काही नाही. घाटात आणि वजनाच्या धंद्यात मला नको वाटलं.

एक गोष्ट मात्र कुणीच बोलत नाही, उतरणं. सगळे चढ चढ करतात. पेट्रोल इंजिनाला हवा अडवणारी थ्रॉटलची झडप असते, एक्सलरेटर सोडला की ती बंद होते आणि इंजिन स्वतःच गाडीला मागं ओढतं. डिझेलमध्ये तशी अडवणूक नसते किंवा फार कमी, म्हणून त्याच आकाराच्या डिझेलपेक्षा पेट्रोल उतारावर जास्त धरतं. आम्ही स्ट्रॉबेरी घेऊन उतरतो, सेकंडला नाहीतर थर्डला ठेवून, ब्रेक फक्त वळणाला. जुन्या गाडीत खाली पोचेपर्यंत ब्रेक लायनरचा वास यायचा, आता येत नाही, आणि सारखे ब्रेक मारले नाहीत की क्रेटमधला माल पण दबत नाही, हा फायदा घेताना माझ्या डोक्यातच नव्हता. पुण्याला जाताना कात्रजच्या नवीन बोगद्यातनं नवले पुलाकडं उतरताना पण हेच. तिथं न्यूट्रल करून डिझेल वाचवणारे महाभाग मी डोळ्यांनी बघितलेत, आणि त्या उतारावर दर थोड्या दिवसांनी कसे अपघात होतात ते पेपरात सगळ्यांनीच वाचलंय.

खंबाटकीचा पण चढ सांगतो, पुण्याहून येताना आम्ही घाट चढून येतो आणि तेव्हाच भरलेले असतो. तिथं थर्डमध्ये आरामात येते, एखाद्या कंटेनरमागं अडकलो तर सेकंड. पूर्ण लोडला ओव्हरटेक मारायचा असेल तर आधीच गिअर खाली टाकून तयार राहावं लागतं, आयत्या वेळी नुसता पाय दाबून काही मिळत नाही, टर्बोवाल्या डिझेलला मिळतं.

मेंटेनन्सचं अजून फार बोलायला काही नाही, सहा महिन्यांत काय होणार. इंजिन मारुतीच्या ईको व्हॅनच्याच घराण्यातलं, त्यामुळे स्पेअर आणि हात लावणारा मिस्त्री कुठंही भेटेल ही जमेची बाजू. इंजिन सीटखाली, म्हणजे ऑइल बघायचं तर सीट उचला, या ठेवणीच्या सगळ्याच गाड्यांत तसंच असतं. सीटखाली बारकी चिल्लर टाकू नका एवढंच.

आणि पासिंगएवढंच भरा. हे मी सांगतोय, ज्यानं अकराशे किलो भरलेत. आता आमच्या दुकानात हौद्याचा हिशोब भिंतीवर लिहिलाय, दहा पोती, दहा डबे, बाकी बॉक्स, ७०० च्या पुढं नाही. दिवाळीच्या आठवड्यात मोह झाला होता, दोन फेऱ्या मारल्या पण भरली नाही.

दत्तूकाकांना जमायला बरोबर तीन आठवडे लागले. पहिल्या आठवड्यात ॲव्हरेज ११ आलं होतं कारण थर्डमध्ये रखडत, क्लच अर्धा दाबून चढवत होते. मग मी त्यांना एकच सांगितलं, काटा बघू नका, कानानं ऐका, गुरगुर आली की गिअर खाली, ओरडत असेल तर ओरडू दे. आता त्यांची गाडी माझ्यापेक्षा चांगला ॲव्हरेज देते. तुमचा ड्रायव्हर सवय बदलणारच नसेल, नाहीतर रोज नवा माणूस स्टिअरिंगवर असेल, तर पेट्रोलच्या वाटेला जाऊ नका, क्लच प्लेटीच भरत बसाल. डिझेल कशीही चालवली तरी ओढून नेतं, मेहेरबानी असते त्याची.

फलटणच्या मेव्हण्याचा फोन आला होता, तुझी चांगली चाललीय तर मी पण पेट्रोल घेतो म्हणून. त्याचं डाळिंब, रोज फलटण ते पुणे आणि परत, हजार-बाराशे किलो भरून. त्याला म्हणलं दाजींचं ऐक, इंट्रा व्ही-थर्टी बघ नाहीतर अशोक लेलँडची दोस्त बघ, दीड लिटरचं डिझेल, तुझ्या रनिंगला डीपीएफ स्वतःहून साफ होतोय, आणि ट्रायलला जाताना डाळिंबाचे क्रेट घेऊन जा. तो म्हणाला शोरूमवाले देतील का क्रेट टाकायला. म्हणलं नाही दिले तर पुढच्या शोरूमला जा.